उतरवलेली घरे, फोडलेली दुकाने

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण निजामशाहीपासून सुरुवात करतात. ते योग्यच आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे वडील मलिक हसन हे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्णी घराण्यातले, अशी नोंद इतिहासकार फिरिश्ता करतो. पूर्वजांचे हे गाव वऱ्हाडच्या इमादशाहीकडून मिळावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने आधी अदलाबदलीची बोलणी केली आणि ती फिसकटल्यावर १५१८ मध्ये गाव बळाने घेतले. पुढे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात पाथरी हे एका सरकारचे ठाणे होते. ज्या गावासाठी दोन सुलतान लढले, त्या गावातली त्या काळची राहती घरे मात्र आज उभी नाहीत. ती पडली आणि मातीत गेली, एवढेच म्हणणे अपुरे आहे. गोदाकाठच्या या पट्ट्यात घर संपले तरी घराचा माल संपत नसे. तुळई दुसऱ्या घराला लागे, दगड दुसऱ्या जोत्यात जाई, छताची मातीसुद्धा नव्या छतावर चढे. माणसांची वंशावळ असते तशीच इथल्या मालाचीही होती. ती गेल्या चाळीस वर्षांत तुटली. तीस-पस्तीस वर्षांची व्यापारी संकुले आज रस्त्यासाठी किंवा नव्या बांधकामासाठी जमीनदोस्त होतात आणि त्यांच्यातून सळईखेरीज जवळपास काहीच पुढच्या इमारतीत जात नाही. याचा दोष आपण पोकलेनला देतो. माझे म्हणणे असे की यंत्र हे निमित्त आहे. खरी तूट बांधण्याच्या पद्धतीत, पाडकामाच्या करारात आणि मालाच्या किमतीत झाली आहे, म्हणून ती भरूनही काढता येते.

आधी जुनी रीत नीट समजून घेतली पाहिजे. मराठवाड्यातले माळवदाचे घर म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्याभोवती दगड, वीट किंवा मातीच्या जाड भिंती. घराचा आकार खणांत सांगत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. खांबांवर तुळया, तुळयांवर दांड्या, दांड्यांवर किलचनी (लाकडाच्या बारीक पट्ट्या) किंवा फळ्या, त्यावर पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड लेप. या रचनेत जवळजवळ कोणतीच गोष्ट दुसरीला कायमची चिकटलेली नसे. खांब दगडी उथळ्यावर नुसता उभा असे, सांधे खाच आणि कुसू यांनी बसवलेले असत, भिंतीतला दगड मातीत किंवा चुन्यात लावलेला असे. घर मोडायचे झाले की ते वरून खाली उतरवत. आधी माती, मग किलचनी, मग दांड्या, तुळया, खांब आणि शेवटी दगड. ज्या क्रमाने घर चढले त्याच्या उलट क्रमाने ते उतरे. सागाची जवळची राने किनवट-माहूर आणि आदिलाबादच्या बाजूला. तिथून पाथरीपर्यंत लाकूड आणणे हा मोठा खर्च होता, त्यामुळे एकदा आलेली तुळई फेकून देणे कुणाला परवडत नसे. भावाभावांच्या वाटणीत लाकूड खणांच्या हिशेबाने वाटले जाई, आणि पडके घर विकताना जागेची किंमत वेगळी आणि मालाची वेगळी धरली जाई.

मातीचेही तसेच. गावाची वस्ती ज्या उंचवट्यावर असते ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, ही विभागणी महाराष्ट्राच्या खेड्याचा पायाच आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात ती केंद्रस्थानी आहे. पांढरी म्हणजे शतकानुशतके पडलेल्या घरांची माती. ती काळ्या मातीसारखी फुगत नाही आणि तडकत नाही, पाणी झिरपू देत नाही, म्हणून माळवदासाठी तीच लागे. पावसाळ्याच्या तोंडावर पडक्या गढीची किंवा जुन्या गावठाणाची माती खणून आणायची आणि छतावर पसरून चोपायची, हे दरवर्षीचे काम. म्हणजे पाथरी परिसरातले प्रत्येक माळवद आधीच्या घरांच्या अवशेषांनीच झाकलेले होते. हे ज्यांनी चालवले ते गवंडी, सुतार, बेलदार आणि वडार. दगड फोडणे, वाहणे, घडवणे आणि पुन्हा बसवणे हे वडार-बेलदारांचे पिढीजात कौशल्य. त्यांना बांधकाम आणि मोडकाम हे दोन वेगळे धंदे ठाऊक नव्हते. जो दगड बसवायला येई तोच काढायलाही येई.

या रिवाजाला सद्गुणाची कथा करून टाकणे मात्र चूक होईल. मालाचा पुनर्वापर अनेकदा विजेत्याचा हक्क होता. दौलताबादच्या किल्ल्यात १३१८ मध्ये उभी राहिलेली जामी मशीद आधीच्या देवळांच्या खांबांवर उभी आहे. परभणी जिल्ह्यातच जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात यादवकालीन देवळांचे शिल्पित अवशेष गावभर विखुरलेले दिसतात. ज्याने खांब घेतला त्याने तो काटकसरीसाठी घेतला, विजयाची खूण म्हणून घेतला की दोन्हींसाठी, याचा निवाडा इतिहासकार करत राहतील. माझ्या मुद्द्यापुरते एवढे पुरेसे आहे की शत्रूच्या इमारतीतला खांबसुद्धा वापरण्याजोगा मानला जात होता आणि तो अखंड काढण्याची कला लोकांजवळ होती. या कलेचा सौम्य नमुना पुण्यात पाहायला मिळतो. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष उतरवून दिनकर केळकर यांनी आपल्या संग्रहालयात ते पुन्हा उभे केले. असे स्थलांतर शक्य झाले ते बांधणीमुळे. सांधे उलगडता येत होते, म्हणून महाल हलवता आला. सिमेंटच्या स्लॅबचा महाल असता तर तो हलवण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसता.

लोखंड आले तेव्हाही ही रीत मोडली नाही, हे विशेष. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपर्यंत पोचली आणि पाथरीच्या उत्तरेला मानवत रोड, सेलू, परतूर ही स्थानके कापसाची नाकी बनली. त्यांच्या आसपास सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. लोखंडी गर्डर, पन्हाळी पत्रे, रिव्हेट आणि नटबोल्ट यांची ही बांधणी नवी होती, पण उलगडता येण्यासारखी होती. बंद पडलेल्या जिनिंगचा पत्रा दुसऱ्या गोदामावर चढे. रेल्वेचे निकामी रूळ घरांच्या छतात तुळईच्या जागी आणि कुंपणात खांबाच्या जागी वापरायची पद्धत तर देशभर रूढ झाली. निजामाच्याच राज्यातल्या गुलबर्ग्याकडून शहाबादी फरशी आली आणि मराठवाड्याच्या ओट्या-दुकानांत पसरली. मातीच्या किंवा चुन्याच्या थरावर बसवलेली ही फरशी पहारीने अलगद उचलता येते, पालटून दुसऱ्या बाजूने वापरता येते. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान संपले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तरीही पाथरीसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेतले दुकान बराच काळ दगडी जोते, विटांच्या भिंती, लाकडी फळ्यांची दारे आणि वर पत्रा किंवा माळवद असेच राहिले. म्हणजे नवा माल स्वीकारूनही जुनी शिस्त टिकवता येते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे.

ही रीत तुटण्याचा काळ बऱ्यापैकी नेमका सांगता येतो. पहिले कारण सिमेंट. १९८२ पर्यंत सिमेंट पूर्णपणे सरकारी नियंत्रणाखाली होते. परवान्याशिवाय पोते मिळत नसे, आणि या परवान्यांच्या वाटपावरूनच जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे गेले. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला मनासारखा स्लॅब टाकता येऊ लागला तो यानंतर. दुसरे कारण नगरपालिकांची व्यापारी संकुले. १९७९-८० पासून केंद्राची लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना सुरू झाली. तिच्यातल्या कर्जातून देशभरच्या छोट्या नगरपालिकांनी दुकानांचे गाळे बांधले, कारण गाळ्याचे भाडे आणि अनामत रक्कम हे पालिकेचे हमखास उत्पन्न होते. सिमेंटचे खांब, सिमेंटचा स्लॅब, वर आणखी मजला चढवण्यासाठी गच्चीवर उघडे ठेवलेले गज आणि समोर लोखंडी शटर, हा साचा तेव्हापासून गावोगाव एकसारखा झाला. खासगी मालकांनी त्याचीच नक्कल केली.

तिसरे कारण सर्वांत दुःखद आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा प्रचंड भार यांनी झोपलेल्या कुटुंबांना गाडले. त्या पहाटेनंतर मराठवाड्यात दगड आणि माळवद या दोन गोष्टींवरचा विश्वासच उडाला. ज्याला शक्य होते त्याने स्लॅबचे घर बांधले. भीती खरी होती आणि तिच्यापुढे कोणताही उपदेश चालण्यासारखा नव्हता. परंतु या तीन कारणांच्या बेरजेने एका पिढीत असे बांधकाम सर्वत्र झाले की जे एकदा घट्ट झाले की फोडल्याशिवाय सुटत नाही. सांध्यातला सिमेंटचा मसाला विटेपेक्षा भक्कम असतो, त्यामुळे भिंत पाडताना सांध्याऐवजी वीटच फुटते. चुन्यातली वीट तासणीने साफ होते, सिमेंटमधली होत नाही. सिमेंटवर चिकटवलेली गुळगुळीत टाइल उचलताना तिचे तुकडे होतात. खांब, तुळई आणि छत हे एकाच काँक्रीटचे एकसंध शरीर झाले आणि त्यातला कोणताही अवयव सुटा काढता येईना.

हे बांधकाम शंभर वर्षे टिकले असते तर तक्रारीला फारशी जागा नव्हती. ते टिकत नाही, किंवा टिकू दिले जात नाही. काळ्या कसदार जमिनीवर पाया उथळ असेल तर माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. पाण्याच्या टंचाईत नव्या काँक्रीटला पुरेसे दिवस पाणी मिळत नाही, सळईवरचे काँक्रीटचे आवरण पातळ पडते, गंज आत शिरतो आणि स्लॅबचे पोपडे निघतात. पण बहुतेक दुकाने पडतात ती मोडकळीला आल्यामुळे नव्हे. ती रस्त्याला लागून असतात म्हणून पडतात. पाथरी कल्याण-नगर-माजलगाव-परभणी-नांदेड-निर्मल या राष्ट्रीय महामार्गावर आहे, आणि अशा मार्गावरच्या गावाची बाजारपेठ रस्त्याच्या दोन्ही काठांनीच वाढते. रस्ता रुंद होतो तेव्हा सर्वांत नव्या, सर्वांत महाग दुकानांवर खूण पडते. २०२५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडी, जालना रस्ता, पैठण रस्ता या भागांत झालेल्या रुंदीकरणाच्या मोहिमेत जुन्या घरांबरोबर चांगली पक्की दुकानेही गेली. पुण्यात तर खुद्द सार्वजनिक पैशातून बांधलेला विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशकाचा असताना २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला गेला. रस्त्याकाठच्या जागेचा भाव चढला की मालकालाही दोन मजल्यांऐवजी चार हवे असतात. इमारतीचे आयुष्य आता तिच्या भिंती ठरवत नाहीत, रस्ता आणि जागेचा भाव ठरवतात.

अशी इमारत पाडली जाते तेव्हा नेमके काय होते? आधी मालक आणि भाडेकरू शटर, पत्रे, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, काचा, दारे, वायरी, पंखे, पाण्याच्या टाक्या काढून नेतात. मग पाडकामाचा ठेकेदार येतो. अनेक ठिकाणी तो मालकाकडून पैसे घेत नाही, उलट सळईच्या मोबदल्यात मालकालाच काही रक्कम देतो. त्याचा सगळा नफा लोखंडात आणि वेगात असतो. पोकलेनचा ब्रेकर स्लॅब फोडतो, मजूर घणाने खांबांतले गज मोकळे करतात, गॅस कटरने तोडतात, आणि उरलेला राडारोडा ट्रॅक्टरने गावाबाहेरच्या खड्ड्यात, ओढ्याच्या काठावर किंवा कुणाच्या तरी भरावात जातो. वजनाचा हिशेब मांडला की गोष्ट उघड होते. साध्या स्लॅबच्या इमारतीत चौरस फुटाला साधारण साडेतीन ते साडेचार किलो सळई असते. म्हणजे चार हजार चौरस फुटांच्या दुमजली संकुलातून चौदा ते अठरा टन लोखंड निघेल. त्याच इमारतीचे एकूण वजन मात्र चारशे-पाचशे टनांच्या घरात असते. नोएडाचे जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी ३,७०० किलो स्फोटकांनी पाडले तेव्हाही प्रमाण असेच होते: सुमारे ८०,००० टन ढिगारा आणि त्यात सुमारे ४,००० टन पोलाद. वजनाच्या शेकडा चार-पाच भागाला भाव आहे आणि उरलेल्या पंचाण्णवाला नाही. म्हणून कामाची सगळी पद्धत त्या चार-पाच भागांभोवती रचली जाते.

इथे पहिला आक्षेप येतो. लोखंड वाया जात नाही, भंगार जालन्याच्या भट्ट्यांत वितळते आणि नवी सळई होऊन त्याच रस्त्याने परत येते, मग पुनर्वापर होतोच की. हे खरे आहे आणि मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचेही आहे. जालन्यातला पोलाद उद्योग भंगारावर उभा आहे, त्यावर हजारो कुटुंबे जगतात, आणि खाणीतल्या धातूपासून नवे पोलाद करण्यापेक्षा भंगार वितळवायला ऊर्जा पुष्कळ कमी लागते. पण वितळवणे हा पुनर्वापराचा सर्वांत खर्चिक प्रकार आहे. सागाची तुळई एका घरातून दुसऱ्यात गेली तेव्हा तिला भट्टी लागली नव्हती. आणि लोखंडाचे चक्र फिरते म्हणून उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांचा प्रश्न सुटत नाही. त्या ढिगाऱ्यातली वाळू गोदावरीची आहे. ढालेगाव-मुदगलच्या परिसरात नदीचे पात्र वाळूसाठी किती खरवडले जाते हे परभणी जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. एकीकडे नदीतून वाळू काढायची आणि तीस वर्षांनी तीच वाळू सिमेंटसह ओढ्यात टाकून ओढा बुजवायचा, हा दुहेरी तोटा आहे. २०२३ च्या धोरणात राज्य शासनाने वाळूचा दर ब्रासला ६०० रुपये ठेवला होता. गरिबाच्या घरासाठी हेतू चांगला होता. तरीही कच्चा माल स्वस्त ठेवला की जुन्या मालाला गिऱ्हाईक राहत नाही, हा त्याचा न टळणारा परिणाम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो किल्लारीचा आहे. जुन्या रीतीच्या गुणगानाने माणसे मरतील, असे कुणी म्हटले तर त्याला हलकेच उत्तर देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण किल्लारीत माणसांना कशाने मारले हे तपासणाऱ्यांनी नोंदवले आहे. दगड गोल आणि न घडलेले होते, दोन थरांना बांधणारे आरपार दगड भिंतीत नव्हते, बंधन मातीचे होते आणि दरवर्षीच्या लेपाने छताचे ओझे वाढत गेले होते. जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता तिथे भिंती कोसळूनही सांगाडा उभा राहिल्याचीही उदाहरणे आहेत. भूकंपानंतरच्या मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात याच घरांना आरपार दगड, आडवे पट्टे आणि हलके छत देण्याचे शिक्षण दिले गेले. म्हणजे दोष दगड दुसऱ्यांदा वापरला यात नव्हता, तो रचनेत होता. आणि मी इथे माळवदाकडे परत जा असे म्हणतच नाही. जुन्या सळईबाबत तर सावधगिरीच हवी. वाकवून सरळ केलेला गज थंड अवस्थेत ताणला-वाकवला गेल्याने ठिसूळ होऊ शकतो, आणि तो किलोवर स्वस्त मिळतो म्हणून नव्या घराच्या खांबात घालणे धोक्याचे आहे. तो भट्टीतच जावा. भार न पेलणाऱ्या वस्तूंचे मात्र तसे नाही. फरशा, दगड, दारे, चौकटी, शटर, पत्रे, जिन्याचे कठडे, विटा यांच्या दुसऱ्या आयुष्याला सुरक्षिततेची कोणतीही हरकत नाही.

तिसरा आक्षेप वेळ आणि पैशाचा. हाताने उतरवायला तीन आठवडे लागतात, यंत्राने तीन दिवस, आणि रस्त्याचे काम कुणासाठी थांबत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, शिवाय हाताचे पाडकाम मजुराच्या जिवावर बेतणारे असते हेही खरे. म्हणूनच हा निर्णय एकेकट्या ठेकेदारावर सोडून चालत नाही, त्याला नियमाचा आधार लागतो. जपानने २००० मध्ये केलेल्या कायद्यानुसार ८० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या इमारतीचे पाडकाम माल वेगळा करतच करावे लागते. ८० चौरस मीटर म्हणजे पाथरीच्या बाजारातले दोन-तीन गाळे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१६ पासून जुनी लाकडी घरे यंत्राने चिरडण्यावर बंदी घातली आणि ती हाताने सुटी करणे बंधनकारक केले. आपल्याकडे २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा करणाऱ्याने काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड-प्लास्टिक, विटा-मसाला असे वर्गीकरण करावे असे सांगितले होते. वर मांडलेल्या हिशेबाने चार हजार चौरस फुटांचे संकुलही या मर्यादेत येते. म्हणजे नियम लहान गावापर्यंत पोचला होता, अंमल पोचला नाही. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर टाकली आहे. महानगरांसाठी ती उपयोगी ठरेल. तालुक्याच्या गावातले सगळे पाडकाम मात्र तिच्या खालून निसटेल. लहान गावांचा राडारोडा एकेका इमारतीत थोडा असतो, पण अशा गावांचा पट्टा कल्याणपासून निर्मलपर्यंत पसरलेला आहे.

मग करायचे काय? याला एक मोठे उत्तर नाही, काही छोटी आणि साधी उत्तरे आहेत, आणि ती नगरपालिकेच्या हातात आहेत. पाडकामाची परवानगी देताना उतरवण्याची मुदत आणि फोडण्याची मुदत वेगळ्या ठरवाव्यात. आधीचे पंधरा दिवस फक्त सुटा होणारा माल काढण्यासाठी असावेत. भूसंपादनात ज्याची इमारत जाते त्याला मोबदल्यातून कपात न होता आपला माल काढून नेण्याचा हक्क मिळावा. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या पैशातून झालेल्या रस्त्यांच्या पुनर्वसन आराखड्यांत हा हक्क लिहिलेलाच असतो, तो प्रत्येक रस्त्याला लागू व्हावा. काढलेला माल ठेवायला आणि विकायला पालिकेने एक आवार द्यावे, म्हणजे फरशी, दार, पत्रा गरजूला तिथेच मिळेल. उरलेल्या काँक्रीटसाठी मोठा कारखाना हवाच असे नाही. दिल्लीत बुरारीला २००९ मध्ये पहिला मोठा प्रकल्प उभा राहिला, पण तालुक्यांच्या एका गटामागे एक फिरता खडी-क्रशर पुरतो. आयएस ३८३ या २०१६ मध्ये सुधारलेल्या भारतीय मानकाने सळईविना काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि पायाखालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के पुनर्वापरित खडीला मान्यता दिली आहे. पालिकेने आपल्या गटारांत, पेव्हर ब्लॉकमध्ये आणि जोत्याच्या भरावात हीच खडी वापरण्याची अट निविदेत घातली तर गिऱ्हाईक आपोआप तयार होईल. आणि पालिका जे नवे गाळे बांधेल ते नटबोल्टच्या लोखंडी सांगाड्याचे, पत्र्याच्या किंवा सुट्या फलकांच्या छताचे, वाळूवर बसवलेल्या फरशीचे असावेत. जिनिंगच्या शेडने शंभर वर्षांपूर्वी हेच केले होते.

या सगळ्याला पाथरीत आत्ताच महत्त्व आहे. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीवर श्रद्धा ठेवणारे भक्त दूरदूरहून येतात. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी तीर्थक्षेत्राच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली, त्यावरून १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली, आणि जन्मस्थानाचा वाद राज्यभर गाजला. त्या वादात पडण्याचे इथे कारण नाही. तीर्थक्षेत्राचा विकास म्हणजे रुंद रस्ते, वाहनतळ, भक्तनिवास आणि दुकाने, आणि हे सगळे रिकाम्या जागेवर होत नाही. ज्या गावात मोठा सार्वजनिक पैसा येणार आहे तिथे आधीच्या इमारतींचे काय होणार, हा प्रश्न निविदेच्या आधी विचारला गेला पाहिजे. एकदा ढिगारा ओढ्यात गेल्यावर तो विचारून उपयोग नाही.

कुणी म्हणेल, टंचाईच्या काळात लोक काटकसर करत, आता पैसा आला, मग जुन्या दाराचौकटी कोण घेणार. टंचाई संपलेली नाही. तेव्हा सागाची होती, आता वाळूची आहे, नदीच्या पात्राची आहे, ढिगारा टाकायला लागणाऱ्या जमिनीची आहे. सोळाव्या शतकातल्या पाथरीकराने तुळई जपली कारण ती मिळवायला किती कष्ट पडतात हे त्याला ठाऊक होते. एका पोत्यामागे किती चुनखडी भाजली गेली आणि एका ब्रासमागे नदी किती खोल गेली, हे आपल्यालाही ठाऊक आहे. फरक एवढाच की आपण त्याची किंमत पाडकामाच्या करारात लिहीत नाही. पाथरी नगरपालिकेने पुढच्या पाडकामाच्या परवानगीत ती लिहावी, आणि पाथरीच्या व्यापाऱ्यांनी तसा आग्रह धरावा. त्यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही, पालिकेचा एक ठराव पुरतो.